शिवारातील कॅमेरा

सेवाभावी संस्थांच्या सभांतून हल्ली एखादी आठ-दहा मिनिटांची चित्रफीत दाखविण्याचा परिपाठ पडला आहे. कधी ती गांडूळखताविषयी असते, कधी बचतगटाच्या हिशेबवहीविषयी, तर कधी बाळंतिणीच्या आहाराविषयी. दिवे मालवतात, भिंतीवर चित्रे हलू लागतात, आणि ती संपली की चहा येतो. ती चित्रे कोणी घेतली, किती दिवस खपून घेतली, पडद्यावर बोलणारी बाई मुळात कोणत्या भाषेत बोलली होती, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वाचकहो, ही चौकशी केवळ कुतूहलाची नव्हे. नाटक-सिनेमा फसला तर तिकिटाचे पैसे वाया जातात. परंतु पडद्यावर पाहून शेतकऱ्याने आपल्या शेतात काही केले आणि ते फसले, तर त्याचे अख्खे वर्ष जाते. म्हणूनच अशी चित्रफीत तयार कशी होते ह्याकडे थोडे निरखून पाहावे असे मला वाटते. शिवाय ह्या विषयात आपल्या सीमाभागाचा वाटा अनेकांस ठाऊक नसेल इतका मोठा आहे.

१ ऑगस्ट १९७५ ह्या दिवशी गुलबर्गा, विजापूर व रायचूर ह्या जिल्ह्यांतील निवडक खेड्यांत एक नवलाची वस्तू सुरू झाली. (गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले ते पुढे, २०१४ साली.) शाळेच्या अथवा पंचायतीच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, दहा फूट व्यासाची एक तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी केलेली होती आणि आत दूरचित्रवाणीचा संच होता. अमेरिकेने वर्षभरासाठी उसना दिलेला ‘एटीएस-६’ हा उपग्रह सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून त्या जाळीत चित्रे टाकीत असे. देशातील सहा राज्यांच्या वीस जिल्ह्यांतील सुमारे २,४०० खेडी ह्या प्रयोगात होती. बीदर मात्र नव्हता. कल्पना विक्रम साराभाईंची, पण ती साकार झालेली पाहावयास ते राहिले नाहीत. १९७१ च्या डिसेंबरात ते निवर्तले. प्रयोगाची व्यवस्था ज्यांनी पाहिली ते एकनाथ वसंत चिटणीस कोल्हापुरात जन्मलेले. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी व संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी, असे रोज चार तास कार्यक्रम चालत.

त्या प्रयोगातील एक भाग आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणि पुन्हा १९७६ च्या उन्हाळ्यात, प्राथमिक शिक्षकांसाठी बारा-बारा दिवसांचे वर्ग ह्याच संचांपुढे भरविण्यात आले. विषय विज्ञान शिकविण्याचा. दोन्ही वेळचे मिळून सुमारे पन्नास हजार शिक्षक त्यांत बसले. केवळ चित्रे पाहून शिक्षक तयार होत नाही हे योजणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून चित्रांच्या जोडीला रेडिओ होता, छापील पाठ होते, साध्यासुध्या वस्तूंनी करावयाचे प्रयोग होते, आणि शंका विचारण्यास एक मार्गदर्शक शिक्षक जागेवर होता. प्रशिक्षणाच्या चित्रफितीसंबंधी आजही जो शहाणपणा सांगितला जातो तो बव्हंशी एवढाच आहे.

पण ह्या व्यवस्थेत एक अंतर होते, आणि ते छत्तीस हजार किलोमीटरांचे नव्हे. कार्यक्रम तयार होत ते दिल्ली, कटक व हैदराबाद येथील केंद्रांत. कन्नड आणि तेलुगू ह्या दोन्ही भाषांचे काम हैदराबादेकडे होते, आणि चित्र एकच ठेवून बोलणे दोन भाषांत ऐकविण्याची सोय त्या उपग्रहात होती. सोय मोठी खरी. परंतु चित्रातील नांगर एका मुलखाचा आणि कानावर पडणारी भाषा दुसऱ्या मुलखाची, असा प्रकार झाला की पाहणारा लगेच ओळखतो. खेड्यांतील लोकांना काय समजते व काय रुचते हे पाहण्यासाठी समाजशास्त्रज्ञ मुद्दाम गावांत जाऊन राहत आणि केंद्रांकडे कळवीत. तरीही शिकविणारा दूर शहरात आणि शिकणारा सतरंजीवर, ही मांडणी बदलली नाही. ३१ जुलै १९७६ रोजी वर्ष भरले आणि उपग्रह परत गेला. पुढल्या वर्षी गुलबर्ग्याला जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र मिळाले.

त्या काळी दूरदर्शनसाठी खेड्यांचे कार्यक्रम तयार करणाऱ्यांत मैसूरचे एक तरुण निर्माते होते, पी. व्ही. सतीश. ह्या प्रयोगातही त्यांनी काम केले होते. शिकविणारा आणि शिकणारा ह्यांमधील हे अंतर त्यांनी आतून पाहिले होते. १९८३ साली मित्रांसमवेत त्यांनी ‘डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी’ नावाची संस्था काढली आणि ठाणे मांडले ते जहीराबादजवळच्या पस्तापूर गावी. बीदरहून जहीराबाद तीसेक किलोमीटर. आज ते तेलंगणात मोडत असले तरी १९५६ पर्यंत हा भाग बीदर जिल्ह्यातलाच होता. भाषावार प्रांतरचनेत उदगीर-निलंगा एकीकडे गेले, भालकी-हुमनाबाद दुसरीकडे आणि जहीराबाद-नारायणखेड तिसरीकडे. रेघा कागदावर पडल्या. लाल माती, ज्वारी-तुरीचे पीक आणि नातीगोती मात्र पूर्वीचीच राहिली.

पस्तापूरच्या संस्थेचे बळ म्हणजे गावोगावच्या गरीब, बहुतेक दलित समाजातील स्त्रियांचे ‘संघम’. ज्वारी, राळे, कोद्रा ह्यांची जुनी वाणे जपणाऱ्या ह्या बायका. एकोणीसशे नव्वदच्या दशकात सतीश ह्यांनी त्यांच्यापैकी काहींच्या हाती कॅमेरा दिला. त्यांतील बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. आपणांपैकी पुष्कळांना ह्यात साहस वाटेल. पण विचार केला तर, बटनावरचे अक्षर वाचता आले नाही तरी बटन कशाचे हे बोटांना शिकविता येते, आणि निंदणी करताना तण कोणते व पीक कोणते हे क्षणात ओळखणाऱ्या डोळ्याला चित्राची चौकट कळावयास उशीर का लागावा? अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेत ह्याहीपूर्वी, १९८४ साली, न्यूयॉर्कहून आलेल्या मार्था स्टुअर्ट ह्यांनी भाजीविक्या व कष्टकरी बायकांना असेच शिकविले होते, आणि त्यांतीलही कित्येक निरक्षर होत्या.

पस्तापूरच्या बायकांनी केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. चित्र कोणत्या उंचीवरून घ्यावयाचे ह्यासाठी चित्रपटवाल्यांची इंग्रजी नावे आहेत. ती ह्यांनी बाजूस ठेवली व आपली नावे दिली. वरून खाली आणि खालून वर पाहणाऱ्या नजरांत त्यांना मालक आणि गडी दिसला, तो जन्मभर पाहिलेला होताच. आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडेल अशा उंचीवर कॅमेरा धरून घेतलेल्या चित्रास त्यांनी नाव दिले ‘संघम शॉट’; कारण संघमच्या बैठकीत साऱ्याजणी एका पातळीवर, गोल करून बसतात. ग्रंथ वाचून जे कष्टाने समजते ते ह्या बायकांनी दोन शब्दांत सांगितले. प्रशिक्षणाची चित्रफीत करणाऱ्याने ह्या दोन शब्दांपाशी थोडे थांबावे.

ह्याच बायकांनी, हमनापूरच्या लक्ष्मम्मा त्यांतल्याच एक, पुढे वरंगळच्या कापूस उत्पादकांवर चित्रफीत केली. बीटी कापसास आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. चित्रफीत २००३ ची. त्या बियाण्याच्या गुणदोषांवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि त्या वादाचा निकाल लावण्याची ही जागा नव्हे. मला सांगावयाची आहे ती कामाची रीत. शहरातला पत्रकार एक दिवस जातो, दोन शेतकऱ्यांशी बोलतो व परततो. ह्या बायका हंगामभर त्याच त्या शेतकऱ्यांकडे पुन्हा पुन्हा जात राहिल्या. जोमाने वाढणारे पीक पाहून जो खूश होता, तोच वेचणीला काय बोलतो हेही त्यांनी टिपले. रोप उगवल्यापासून वेचणीपर्यंत थांबण्याचा धीर शेतकरणीकडे असतो. त्यांचे माचनूरचे ‘संघम रेडिओ’ केंद्र तर ह्याहून मोठ्या धीराचे उदाहरण. इमारत व यंत्रे कित्येक वर्षे तयार, पण परवाना नाही. तोवर जनरल नरसम्मा आणि आलगोल नरसम्मा ह्या दोघी ध्वनिमुद्रित फिती संघमच्या बैठकांत ऐकवीत राहिल्या. २००६ साली सरकारी धोरण बदलले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी केंद्र सुरू झाले. सतीश २०२३ च्या मार्चमध्ये वारले.

आता चित्रीकरण जवळून पाहिल्याची हकीकत. बीदर जिल्ह्यातील एका खेड्यात, एका लहान सेवाभावी संस्थेने मे महिन्यात एक चित्रफीत घेतली. विषय अगदी साधा: घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण पेरणीपूर्वी कशी तपासावी. साधा म्हणजे क्षुल्लक नव्हे. २०२० च्या खरिपात शेजारच्या मराठवाड्यात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन त्याची दखल घेतली. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. मळणीयंत्र जोरात फिरले किंवा पोते उंचावरून आदळले तरी आतला कोंब दुखावतो, आणि वरून दाणा धडधाकट दिसतो. दुबार पेरणीचा खर्च कोणाला परवडतो? म्हणून पेरण्याआधी शंभर दाणे भिजवून पाहावेत, एवढेच सांगावयाचे होते.

संस्थेने दोन दिवसांचा बेत केला होता. कॅमेरा व ध्वनी सांभाळणारे दोन तरुण शहरातून आले होते, आणि करून दाखविणारी होती गावातलीच पन्नाशीची एक शेतकरीण. मे महिन्यातले ऊन म्हणजे नऊ वाजल्यानंतर चित्रात माणसाचे तोंड काळे आणि मागचे अंगण पांढरेफटक; तेव्हा काम सकाळी साडेसहा ते नऊ. सातला शेजारची पिठाची गिरणी सुरू होई. गिरणीवाल्याला विनवून थांबविले तर वारा सुटे, आणि तो ध्वनिग्राहकात असा घोंघावे की बाईचे शब्द जणू पुरातून येत आहेत. शेवटी ध्वनिग्राहकाला लोकरीचे जुने कानटोपडे घातले. गुंडाळ्याला पाणी शिंपडतानाचे चित्र तीनदा घ्यावे लागले. एकदा शेळी आत आली, एकदा बाईंचा नातू. शेळीला बाईंनी ज्या शब्दांत हाकलले ते चित्रफितीतून गाळले ह्याची मला अजून हळहळ वाटते.

खरी अडचण दुसऱ्याच दिवशी उभी राहिली. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडले, गुंडाळी केली, सावलीत ठेवली, हे सारे नीट चित्रित झाले. परंतु दाणे उगवावयास पाच-सहा दिवस हवेत. तरुणांनी, तशी त्यांच्या धंद्यात रीतच असल्यामुळे, दुसरी एक गुंडाळी आधीच भिजवून आणली होती. ती उलगडावयाची की काम आटोपले. बाईंनी ती हातात घेतली, उलगडून पाहिली आणि खाली ठेवली.

“ह्ये माझं बी न्हाई.”

“तसंच आहे मावशी. पाहणाऱ्याला काय कळतंय?”

“कळत न्हाई कसं? पहिल्या दिवशीचं बी न् पाचव्या दिवशीचं बी एकच पाहिजे बाबा. समोरची माणसं शेतकरी हाईत.”

संस्थेच्या कार्यकर्त्याने हिशेब केला. जीपचे भाडे, दोघांचा मुक्काम, दोनाचे सहा दिवस. तो काही वेळ गप्प बसला, आणि मग त्याने मुक्काम वाढविला. त्या दोघा तरुणांनीही तक्रार केली नाही हे सांगितले पाहिजे; मधल्या दिवसांत ते बाईंच्या घरी ज्वारीची भाकरी व हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन पोते उचलण्याचे, दाणे पाखडण्याचे, कणगीचे असे बारीकसारीक चित्रण करीत राहिले, आणि पुढे जोडणीच्या वेळी तेच सर्वांत उपयोगी पडले.

सहाव्या दिवशी सकाळी गुंडाळी उलगडली. बाई मोजू लागल्या, सारे अंगण मोजू लागले. चौसष्ट. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण सत्तर धरलेली आहे. म्हणजे शिकविणारीचेच बी नापास! कोणीतरी सुचविले की शेजाऱ्याचे बी चांगले आहे, ते घेऊन पुन्हा करू. बाईंनी नकार दिला. “बी कमी निघालं तर काय करायचं, ह्येच तर लोकास्नी पाहिजे. समद्यांचं बी सत्तर निघत आसतं तर तपासायचं कशाला?” मग तेथल्या तेथे चित्रफितीचा शेवट बदलला. सत्तर टक्के उगवणीचे बी एकरी ३० किलो पेरणाऱ्याने चौसष्टचे बी किती पेरावे? तीसला सत्तरने गुणावे, चौसष्टने भागावे. जवळपास ३३ किलो. बाईंनी हा हिशेब गुणाकार-भागाकाराने केला नाही. पायलीच्या मापात, दाणे ओतून दाखवून, त्यांनी तो कॅमेऱ्यापुढे केला. कार्यकर्त्याने लिहून आणलेल्या संहितेत ‘अंकुरणक्षमता’ असा शब्द होता. बाईंच्या तोंडी तो ‘शंभरातलं किती उगवलं’ असा झाला आणि तसाच राहिला.

भाषेची गोष्ट येथे संपत नाही. भालकी-औरादकडे मराठी चालेल, पण कलबुर्गीच्या बाजूस कन्नडच हवी. एकाचे ओठ हलत असताना दुसऱ्याचा आवाज बसविला की माणूस खोटा वाटू लागतो. शिवाय तेच म्हणणे कन्नडात कधी लांबते, कधी आखडते. तेव्हा जोडणी करताना जेथे बाई सविस्तर सांगतात तेथे त्यांच्या तोंडाऐवजी हातांची चित्रे घातली. हातांना भाषा नसते. कन्नड आवाजासाठी संस्थेने शहरातील निवेदिकेकडे न जाता शेजारच्या गावच्या एका अंगणवाडी सेविकेस बसविले. तिने दोन ठिकाणी अडखळून पुन्हा म्हटले, तेही ठेवले. चार तासांच्या चित्रणातून नऊ मिनिटांची चित्रफीत निघाली.

ती प्रथम दाखविली बाईंनाच. ह्या रिवाजालाही इतिहास आहे. १९६७ साली कॅनडातील फोगो बेटावरच्या मच्छीमारांचे चित्रण कॉलिन लो ह्यांनी केले, तेव्हा ज्याचे चित्र त्याला आधी दाखवून मगच ते इतरांपुढे नेण्याची शिस्त त्यांनी पाळली. त्या बेटावरील लोकांना सहकारी संस्था उभारण्यास त्या चित्रांचे साहाय्य झाले. आमच्या बाईंनी सारे शांतपणे पाहिले आणि एकच मागणी केली: मागची पडकी भिंत दिसते तेवढे काढा. ते काढले. मग गावाने समाजमंदिराच्या भिंतीवर पाहिले, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गुंडाळीची सुतळी पहिल्या दिवशी एक व तिसऱ्या दिवशी निराळी आहे, असे सर्वांदेखत निदर्शनास आणले. आधीची सुतळी शेळीने खाल्ली होती. तसे बाईंनी सांगताच सभा खळखळून हसली. दुसरी गुंडाळी वापरली असती तर त्या म्हाताऱ्यांनी काय म्हटले असते?

पुढे ती चित्रफीत आसपासच्या गावांत फिरली. दिवे लागल्यावर येणारा पहिला प्रश्न बियाण्याविषयी नसे; ‘ही बाई कुठल्या गावची, तिची जमीन किती?’ असा असे. कर्नाटकातच २००६ साली सुरू झालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ ह्या उपक्रमातही शेतकऱ्यांच्या चित्रफिती दाखविताना असाच अनुभव आला होता. पडद्यावरचा माणूस आपल्यासारखा आहे की नाही हे पाहणारा आधी ठरवितो, मग त्याचे ऐकतो. एका गावी तर दोघे शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात येऊन उभे राहिले, आणि ती गुंडाळी अजून आहे का म्हणून विचारू लागले.

आता त्याच संस्थेने तुरीवर चित्रफीत हाती घेतली आहे. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिला फांद्या अधिक फुटाव्यात म्हणून पेरणीनंतर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी शेंडे खुडावेत अशी शिफारस आहे. ते करून दाखवावयाचे. बाईंनी ह्या खेपेस आधीच बजावले आहे की शेंडे खुडलेली ओळ आणि न खुडलेली ओळ एकाच शेतात शेजारी शेजारी हवी, आणि दोन्हींच्या शेंगा त्यांच्या अंगणातच मोजल्या जातील. म्हणजे पेरणी जूनमध्ये, खुडणी ऑगस्टात, मोजणी नाताळच्या सुमारास. कार्यकर्त्याने जीपवाल्याशी तीन वेळचे भाडे ठरवून टाकले आहे.